कोवळ्या उन्हाचं पॉप : पडून राहिलेल्या रेकॉर्ड्स पुन्हा उजेडात कशा आल्या



आज आपण एका संगीतप्रकाराबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव सनशाइन पॉप. नाव अनोळखी वाटेल, पण यातली एखाद-दोन गाणी तुमच्या कानावरून नक्की गेली असतील. ‘कॅलिफोर्निया ड्रीमिन’ किंवा ‘हॅपी टुगेदर’ ही गाणी आजही सिनेमांत आणि जाहिरातींत वाजत असतात.

शब्दशः अर्थ घेतला तर हे ‘उन्हाचं पॉप’. आता नागपूरच्या किंवा हैदराबादच्या माणसाला उन्हाचं कौतुक सांगायला गेलो तर तो मलाच सावलीत बसवून पाणी देईल. म्हणून मी त्याला कोवळ्या उन्हाचं पॉप म्हणतो. डिसेंबरातल्या सकाळी गच्चीवर पाठीवर घेतो ना, ते ऊन.

हे संगीत साधारण १९६५ ते १९७० या पाच वर्षांत अमेरिकेत बहरलं आणि मग जवळजवळ नाहीसं झालं. पुढे वीस-तीस वर्षांनी जुने अल्बम नव्याने निघाले, म्हणजे ज्याला री-इश्यू म्हणतात ते झालं, आणि हे संगीत परत आलं. ते काय होतं, का गेलं आणि कसं परतलं, हे आज पाहू. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. आनंदी, हसरी गोष्ट दिसली की आपण तिला हलकी समजतो. ते बरोबर आहे का?

हे संगीत नेमकं काय?

सुरुवात ‘कॅलिफोर्निया ड्रीमिन’पासून करू. १९६३ सालच्या हिवाळ्यात जॉन आणि मिशेल फिलिप्स हे तरुण जोडपं न्यूयॉर्कमध्ये राहत होतं. मिशेल कॅलिफोर्नियाची. न्यूयॉर्कच्या थंडीत तिला घरच्या उबेची आठवण येत होती आणि त्यातून दोघांनी हे गाणं लिहिलं. डेनी डोहर्टी आणि कॅस एलियट या दोन साथीदारांसह त्यांचा ‘द मामाज अँड द पापाज’ हा गट झाला. गाणं १९६५च्या शेवटी बाजारात आलं आणि १९६६ मध्ये अमेरिकाभर वाजलं. एक गोष्ट लक्षात घ्या. उन्हाच्या संगीताचं हे आद्य गाणं गारठलेल्या माणसांनी लिहिलेलं आहे. ऊन त्यांच्याकडे नव्हतं, त्यांना ते हवं होतं.

पाठोपाठ इतर गट आले. ‘द असोसिएशन’ची ‘चेरिश’ (१९६६) आणि ‘विंडी’ (१९६७) ही गाणी अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. ‘द टर्टल्स’च्या ‘हॅपी टुगेदर’ने १९६७ मध्ये बीटल्सच्या ‘पेनी लेन’ला पहिल्या जागेवरून हटवलं. ‘द फिफ्थ डायमेन्शन’ या कृष्णवर्णीय गायकांच्या गटाने जिमी वेब यांचं ‘अप, अप अँड अवे’ गायलं आणि त्याला त्या वर्षीच्या सर्वोत्तम रेकॉर्डचं ग्रॅमी मिळालं. ऱ्होड आयलंडमधल्या ‘द काउसिल्स’ या गटात सख्खी भावंडं आणि त्यांची आई एकत्र गात.

या सगळ्यांत समान काय? पहिलं म्हणजे, एकट्या गायकापेक्षा अनेक गळ्यांचा एकत्र आवाज महत्त्वाचा. दुसरं, चाल मोकळी आणि उजळ. तिसरं, गिटारच्या जोडीला बासरी, फ्रेंच हॉर्न, हार्प्सिकॉर्ड, व्हायोलिनं. चौथं, लांबी अडीच-तीन मिनिटं. आणि गंमत म्हणजे त्या काळी कुणीच या संगीताला सनशाइन पॉप म्हणत नव्हतं. हे नाव पुढे, संग्राहकांच्या आणि जुने अल्बम नव्याने काढणाऱ्यांच्या वर्तुळात रूढ झालं. बारसं उशिरा झालं म्हणायचं.

अनेक गळे, वेगळे सूर

आता या संगीताच्या गाभ्याकडे येऊ, म्हणजे हार्मनीकडे. आपल्यापैकी अनेकांचा कान इथे अडखळतो, म्हणून जरा सावकाश जाऊ.

आपलं शास्त्रीय गायन, भावगीत, अभंग, लावणी, सगळं एका वेळी एकाच चालीवर पुढे जातं. वारीत हजार माणसं अभंग म्हणतात तेव्हा गळे हजार असतात, चाल एकच असते. हार्मनीत तसं नसतं. एकाच क्षणी एक जण सा धरतो, दुसरा ग, तिसरा प. शब्द तोच, पण सूर तीन. पुढच्या शब्दाला तिघंही सरकतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी असते. एकट्याची वाट ऐकली तर ती अनेकदा अगदी साधी, कंटाळवाणीसुद्धा वाटते. तिन्ही एकत्र आल्या की अंगावर काटा येतो.

गोव्यातला मांडो ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे नवीन नाही. त्यात दोन आवाज आपापसांत अंतर राखून बरोबरीने चालतात. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा अशा गोव्याच्या वादक-संयोजकांनी हीच विद्या मुंबईच्या सिनेसंगीतात आणली. सलील चौधरींनी मुंबईत युथ क्वायर उभारला, तोही याच ओढीने. आणि २९ जानेवारीचा बीटिंग रिट्रीट तर देशभरातले मराठी लोक टीव्हीवर बघत आले आहेत. तिथे २०२२ मध्ये वगळेपर्यंत ‘अबाइड विथ मी’ ही धून वाजायची. ती आठवून पाहा. कॉर्नेट एक ओळ वाजवतं, मागून जाड आवाजाची पितळी वाद्यं दुसरीच ओळ वाजवतात आणि दोन्ही मिळून एक धून होते. पचमढीच्या लष्करी संगीत शाळेत खेड्यापाड्यांतून आलेली मुलं हे पाश्चात्त्य नोटेशनवरून शिकतात आणि उत्तम वाजवतात.

अजून एक उदाहरण देतो, ते तर आपल्या घरातलंच आहे. तानपुऱ्यात गंधाराची तार नसते. तारा पंचमात आणि षड्जात लावलेल्या असतात. पण तानपुरा नीट जुळला की त्यातून गंधार आपोआप ऐकू येतो. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. मामाज अँड द पापाजच्या चौघांनाही हाच अनुभव आला. चार आवाज अचूक लागले की वरती पाचवा, कुणीही न गायलेला आवाज ऐकू यायचा. त्यांनी त्या पाचव्या आवाजाला लाडाने ‘हार्वे’ असं नाव दिलं होतं. आपण स्वयंभू म्हणालो, ते हार्वे म्हणाले. दोन्हीकडे शास्त्र एकच: सूर काटेकोर जुळले की त्यांची वरची कंपनं एकमेकांत मिसळून ऐकू येऊ लागतात. जरासा बेसूर झाला की पाचवा गडी गायब.

म्हणून ही गाणी ऐकायला सोपी आणि गायला महाकठीण. कवायतीत एका जवानाने हात चार इंच जास्त उचलला की सगळी फळी बिघडलेली दिसते. इथेही तसंच. सुंदर आवाज असलेल्याने आपला आवाज पुढे काढायचा नाही. शेजाऱ्याच्या आवाजाची जाडी, श्वासाची जागा, शब्द कुठे तोडायचा, सगळं मोजून जुळवायचं. कानाला जी मौज वाटते तिच्यामागे अशी शिस्त आहे.

स्टुडिओतली मेहनत

या संगीताचे सर्वांत मोठे गुरू म्हणजे ‘द बीच बॉईज’चे ब्रायन विल्सन. लहानपणी ‘द फोर फ्रेशमेन’ या जॅझ चौकडीच्या रेकॉर्ड्स पुन्हा पुन्हा ऐकून, एकेक आवाज सुटा करून ते हार्मनी शिकले. त्यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. त्यामुळे ते स्टिरिओपेक्षा मोनोमध्ये, म्हणजे सगळा आवाज एकाच ठिकाणाहून येईल अशा पद्धतीने काम करत. त्या एका कानावर त्यांनी १९६६ मध्ये ‘पेट साउंड्स’ हा अल्बम उभा केला. अमेरिकेत तो तेव्हा दहाव्या क्रमांकापर्यंतच पोचला. आज विसाव्या शतकातल्या श्रेष्ठ अल्बममध्ये त्याची गणना होते. विल्सन ११ जून २०२५ रोजी गेले.

लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत ठरलेली वादक मंडळी होती. ड्रमवर हॅल ब्लेन, बासवर कॅरल के किंवा जो ऑसबॉर्न, पियानोवर लॅरी नेक्टेल. पुढे हा ताफा ‘रेकिंग क्रू’ म्हणून ओळखला गेला. मुखपृष्ठावर वेगवेगळ्या गटांचे फोटो असायचे आणि आत वाजवणारे हात मात्र पुष्कळदा यांचेच. आपल्याकडे पडद्यावर नायक गाताना दिसतो आणि वाद्यवृंदातल्या वादकाचं नाव कुणाला माहीत नसतं, तसंच काहीसं.

‘कॅलिफोर्निया ड्रीमिन’च्या मध्ये बासरीचा एक तुकडा आहे. तो वाजवला बड शँक या जॅझ वादकाने. हेच बड शँक त्याच्या काही वर्षं आधी आपल्या पंडित रविशंकरांच्या ‘इम्प्रोव्हायझेशन्स’ या रेकॉर्डवर बासरी वाजवून गेले होते. त्या रेकॉर्डमध्ये ‘पथेर पांचाली’ची धूनही आहे. पुढच्या वेळी हे गाणं कुठे कानावर पडलं तर त्या बासरीकडे लक्ष द्या.

आता तंत्राकडे. त्या काळच्या टेपवर बहुधा चार, नंतर आठ पट्टे असत. एकेका पट्ट्यावर एकेक आवाज किंवा वाद्य. जागा संपली की चार पट्ट्यांचा आवाज एकत्र करून एका पट्ट्यावर उतरवायचा आणि मोकळ्या जागेत पुन्हा गायचं. एकदा एकत्र केलं की ते परत सुटं करता येत नसे. त्यामुळे आधी विचार पक्का आणि मग काम.

यात सर्वांत धाडसी माणूस कर्ट बेचर. असोसिएशनचा पहिला अल्बम त्यांनी घडवला. पुढे ‘द मिलेनियम’ हा स्वतःचा गट घेऊन १९६८ मध्ये त्यांनी ‘बिगिन’ नावाचा अल्बम केला. आठ पट्ट्यांची दोन यंत्रं एकमेकांना जोडून सोळा पट्टे केले आणि आवाजांवर आवाज चढवत नेले. कोलंबिया कंपनीने पाण्यासारखा पैसा ओतला. अल्बम विकलाच गेला नाही. गट मोडला. टेप कपाटात गेल्या.

मग हे सगळं गेलं कुठे?

याचं उत्तर शोधायला जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी जायला हवं. १६ ते १८ जून असे तीन दिवस तिथे मोठा संगीत महोत्सव झाला. आयोजकांत जॉन फिलिप्स स्वतः होते. शुक्रवारी रात्री महोत्सवाची सुरुवात केली असोसिएशनने. रविवारी दुपारी पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखा बसले आणि जवळपास तीन तास वाजवलं. त्याच रात्री जिमी हेंड्रिक्सने व्यासपीठावर गिटार पेटवून दिली, आणि समारोप मामाज अँड द पापाजने केला.

या महोत्सवावर जो प्रसिद्ध चित्रपट १९६८ मध्ये निघाला, त्याचा शेवट रविशंकरांच्या वादनाने होतो. हेंड्रिक्सची पेटती गिटारही त्यात आहे. सुरुवात करणारं असोसिएशन मात्र त्या चित्रपटात नाही. सूट-टाय घालून नेटकं गाणारी मंडळी नव्या काळाला जुनी वाटू लागली होती.

काळही तसाच होता. व्हिएतनाममध्ये अमेरिकेची पाच लाखांच्या आसपास फौज उतरलेली. १९६८ मध्ये एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या. शहरं पेटली. अशा वेळी पतंग, फुगे आणि प्रेमाची गाणी ऐकणं म्हणजे डोळे मिटून घेणं, असं तरुणांना वाटू लागलं. गंभीर रॉक म्हणजे खरं संगीत आणि हसरं पॉप म्हणजे लहान मुलांचा खाऊ, अशी विभागणी झाली. फिफ्थ डायमेन्शनला तर दुहेरी टोले बसले. कृष्णवर्णीय असून तुम्ही आमच्यासारखं गात नाही, असं त्यांना त्यांचेच लोक ऐकवत. गायिका मॅरिलिन मॅकू यांनी ‘समर ऑफ सोल’ या माहितीपटात ती वेदना बोलून दाखवली आहे.

पण डोळे मिटल्याचा आरोप कितपत खरा होता? असोसिएशनची १९६७ सालची ‘नेव्हर माय लव्ह’ ही तबकडी घ्या. अतिशय गोड प्रेमगीत. बीएमआय या अमेरिकन संस्थेने १९९९ मध्ये विसाव्या शतकात तिथल्या रेडिओ-टीव्हीवर सर्वाधिक वाजलेल्या गाण्यांची यादी काढली, तेव्हा हे दुसऱ्या क्रमांकावर होतं. तीच तबकडी उलटी केली की मागच्या बाजूला ‘रेक्विएम फॉर द मासेस’ आहे. लॅटिन प्रार्थनेचे शब्द, लष्करी ढंगाचा ढोल आणि युद्धात मेलेल्यांसाठीचा शोक. ते टेरी कर्कमन यांनी लिहिलं, ज्यांनी ‘चेरिश’ लिहिलं होतं. म्हणजे ज्या घरात ते प्रेमगीत गेलं त्या प्रत्येक घरात हा शोकही गेला. कुणी उलटून लावला असेल, कुणी नसेल.

फौजी माणूस म्हणून मला ही तबकडी फार मोलाची वाटते. हसणारी माणसं बातम्या वाचत नव्हती असं नाही. वाचूनही ती हसरं गात होती.

परतीची वाट टोकियोतून

या संगीताचं पुनरागमन त्याच्या मायदेशी सुरू झालं नाही. त्याची मोठी सुरुवात झाली जपानमध्ये.

‘रॉजर निकोल्स अँड द स्मॉल सर्कल ऑफ फ्रेंड्स’ नावाचं त्रिकूट होतं: रॉजर निकोल्स आणि मरी व मेलिंडा मॅक्लाउड ही भावंडं. १९६८ मध्ये ए अँड एम कंपनीने त्यांचा एकमेव अल्बम काढला. तो आपटला. निकोल्स मग इतरांसाठी गाणी करू लागले. पॉल विल्यम्स यांच्यासोबत त्यांनी एका बँकेच्या जाहिरातीसाठी केलेली धून पुढे ‘द कार्पेंटर्स’नी ‘वी’व्ह ओन्ली जस्ट बिगन’ म्हणून गायली आणि जगभर गाजवली. पण तो पहिला अल्बम मात्र सगळे विसरले.

१९८७ मध्ये तो जपानमध्ये सीडीवर पुन्हा निघाला. टोकियोच्या शिबुया भागातल्या रेकॉर्डच्या दुकानांत रमणाऱ्या तरुणांच्या तो हाती लागला आणि त्यांनी तो डोक्यावर घेतला. ‘पिझिकाटो फाइव्ह’, ‘फ्लिपर्स गिटार’ अशा गटांतून स्वतःचं संगीत करणारी मुलं त्यांतलीच. त्या शैलीला शिबुया-केई असं नाव पडलं. त्यांच्या लेखी ही जुनी अमेरिकन गाणी पाठ्यपुस्तकं होती. त्यांतल्याच केइगो ओयामादा याने पुढे ‘द फ्री डिझाइन’ या गटाचे अल्बम स्वतःच्या लेबलवर जपानमध्ये आणले.

हे फ्री डिझाइन म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या डेड्रिक कुटुंबातली भावंडं. वडील ट्रॉम्बोनवादक आणि संयोजक. १९६७ मध्ये त्यांचा पहिला अल्बम निघाला, ‘काइट्स आर फन’. पतंग उडवायला मजा येते, एवढाच विषय. अहमदाबाद-बडोद्याच्या आपल्या मंडळींना यावर वेगळं सांगायला नको. पण त्या बालिश वाटणाऱ्या विषयावर भावंडांनी जे सूर रचले आहेत, ते गाताना मुरलेल्या गायकांची तारांबळ उडेल. १९७२ पर्यंत त्यांनी सात अल्बम केले, मोठं यश एकालाही मिळालं नाही. जपाननंतर अमेरिकेतही त्यांचे अल्बम पुन्हा निघाले आणि २००१ मध्ये भावंडांनी परत एकत्र येऊन नवा अल्बम केला. निकोल्स आणि त्यांच्या साथीदारांनीही २००७ मध्ये, ३९ वर्षांनी, दुसरा अल्बम केला. नाकारल्या गेलेल्या माणसाला हयातीत असं बोलावणं येणं ही लहान गोष्ट नाही.

सगळ्यांना ते आलं नाही. कर्ट बेचर १९८७ मध्येच, वयाच्या ४३व्या वर्षी वारले. त्यांच्या टेपांवरून तीन सीडींचा ‘मॅजिक टाइम’ हा संच संडेझ्ड या लेबलने २००१ मध्ये काढला.

री-इश्यू म्हणजे फक्त पुन्हा छापणं नव्हे

हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. मोठ्या कंपन्यांना अशा अल्बममध्ये पैसा दिसत नाही. म्हणून संडेझ्ड, रेव्ह-ओला, नाऊ साउंड्स, लाइट इन द ॲटिक अशी छोटी लेबलं पुढे येतात. आधी हक्क कुणाकडे आहेत ते शोधायचं. कंपन्या विकल्या गेलेल्या असतात, कागद हरवलेले असतात. मग मूळ टेप शोधायची. टेपची नक्कल, नकलेची नक्कल असं करत गेलं की प्रत्येक वेळी आवाजावर धूळ चढते, म्हणून पहिली पिढी गाठणं महत्त्वाचं.

त्यानंतर प्रश्न मोनो की स्टिरिओ. १९६६-६७ मध्ये रेडिओसाठी मोनो मिश्रणावर जास्त मेहनत घेतली जाई, स्टिरिओ अनेकदा घाईत उरकलं जाई. म्हणून नाऊ साउंड्सने असोसिएशनचे अल्बम मुद्दाम मोनो रूपात काढले. सोबत पुस्तिका: कोण गायलं, कुणी वाजवलं, कुठल्या तारखेला. ज्या वादकांची नावं मुखपृष्ठावर कधीच आली नाहीत, ती पन्नास वर्षांनी छापली जातात. मला विचाराल तर हा या कामातला सर्वांत मोठा न्याय आहे.

फरक किती पडतो? माझं सांगतो. ऐंशीच्या दशकात आमच्या एका छावणीतल्या मेसमध्ये, बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांनी मागे ठेवलेल्या एलपींत असोसिएशनची एक रेकॉर्ड होती. इतकी चरे पडलेली, की सुई उड्या मारत शेवटाला जायची. निवृत्तीनंतर तीच गाणी नव्या प्रतीवरून हेडफोन लावून ऐकली. जो मला एक गोड गलका वाटत होता, त्यात माणसं वेगवेगळी उभी राहिली. एकाचा श्वास ऐकू आला.

‘कॅलिफोर्निया ड्रीमिन’चीही अशीच गंमत आहे. ते आधी बॅरी मॅग्वायर या गायकाच्या आवाजात केलं होतं. नंतर त्याच ध्वनिमुद्रणावर मामाज-पापाजचे आवाज घातले. चांगल्या स्टिरिओ प्रतीत अगदी सुरुवातीला डाव्या कानात मॅग्वायरचा पुसट आवाज अजून सापडतो.

हसरं म्हणजे हलकं?

आता त्या पोटातल्या प्रश्नाकडे येतो.

एका हिवाळ्यात माझी तुकडी उंचावरच्या एका ठाण्यावर होती. आमच्या सुभेदार साहेबांचा एक नियम होता. ज्या दिवशी हवामानामुळे हेलिकॉप्टर आलं नाही, म्हणजे टपाल नाही, ताजी भाजी नाही, त्या संध्याकाळी गाणं झालंच पाहिजे. चांगल्या दिवशी नाही गायलं तरी चालेल. ज्याला गाता येत नाही त्याने रिकामा डबा वाजवायचा. सुरुवातीला मला तो पोरकटपणा वाटायचा. महिनाभरात दिसलं की ज्या बंकरमध्ये गाणं चालायचं तिथली पोरं नीट जेवत होती, एकमेकांची बुटं तपासत होती, पायांची बोटं शेकत होती. गप्प बसलेल्या माणसाकडे आधी लक्ष द्यावं लागायचं. आनंदी राहणं ही तिथे हौस नव्हती, ड्युटी होती, आणि ती रोज करावी लागे.

हे संगीत मी त्या नजरेने ऐकतो. त्या गायकांची आयुष्यंही उन्हात न्हालेली नव्हती. मामाज अँड द पापाज आपसांतल्या प्रेमप्रकरणांनी आणि भांडणांनी मोडला. ब्रायन विल्सन मानसिक आजाराशी जन्मभर झुंजले. काउसिल भावंडांचे वडील नौदलातून निवृत्त झालेले, आणि घरात त्यांचा किती जाच होता हे त्या मुलांनी पुढे माहितीपटात सांगितलं. एक फौजी म्हणून ते ऐकताना मान खाली जाते. कवायतीची शिस्त वेगळी आणि घरातली दहशत वेगळी. त्या मुलांचे सूर जुळले ते दहशतीमुळे, असं मी मानत नाही. ती एकमेकांना धरून गात होती म्हणून जुळले.

दुःख मांडणं अवघड आहेच. पण दुःख माहीत असताना उजळ सूर नेमका लावणं हेही तितकंच अवघड आहे. खोटा आनंद लगेच ओळखू येतो, तो चिकट असतो. खरा आनंद घडवावा लागतो.

कुठून सुरुवात करावी?

ही गाणी आज फोनवर सहज मिळतात. क्रम असा ठेवा. आधी ‘कॅलिफोर्निया ड्रीमिन’, कारण ते ओळखीचं आहे. मग असोसिएशनचा ‘इनसाइट आउट’ हा १९६७चा अल्बम. त्यात ‘विंडी’, ‘नेव्हर माय लव्ह’ आणि ‘रेक्विएम’ तिन्ही आहेत. त्यानंतर फ्री डिझाइन, मग रॉजर निकोल्स, आणि कान तयार झाल्यावर मिलेनियमचा ‘बिगिन’. बीच बॉईजच्या ‘पेट साउंड्स सेशन्स’ या १९९७च्या संचात वाद्यं काढून फक्त आवाज ठेवलेला एक भाग आहे, तो जरूर ऐका. हेडफोन लावा. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा सर्वांत खालचा आवाज पकडा आणि शेवटपर्यंत सोडू नका. तिसऱ्यांदा मधला. मधला सर्वांत अवघड, कारण तो लपून काम करतो.

शेवटी आपल्या घराबद्दल. २००८ मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत आग लागली आणि तिथे साठवलेल्या कितीतरी मूळ टेप जळाल्या. तो तपशील जगापुढे यायला २०१९ उजाडलं. उलट ‘समर ऑफ सोल’चं चित्रण जवळजवळ पन्नास वर्षं पडून होतं, ते टिकलं आणि ऑस्कर घेऊन आलं. काय टिकतं आणि काय जळतं, हे पुष्कळदा कुणीतरी एक कपाट रिकामं केलं नाही एवढ्यावर ठरतं.

आपल्याकडे मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू झाली. जुन्या तबकड्या जपणं आणि त्यांची माहिती नोंदवणं हे काम तिने चिकाटीने केलं. सारेगामाने २०१७ मध्ये आणलेल्या ‘कारवां’ने जुन्या गाण्यांना केवढी मागणी आहे तेही दाखवलं. पण कारवांमध्ये येतं ते गाजलेलं. न गाजलेलं आपल्या माळ्यावर असतं. इंदूर, बेळगाव, बंगळूर, दिल्ली, जिथे जिथे मराठी मंडळं आहेत तिथे गणेशोत्सवातल्या समूहगीतांच्या, नाट्यसंगीताच्या, आजीच्या ओव्यांच्या कॅसेट पडलेल्या असतील. त्या खाली काढा. ऊन आणि दमट हवेपासून दूर ठेवा. चालू यंत्र असलेल्या माणसाकडून डिजिटल प्रत करून घ्या. आणि तेवढंच महत्त्वाचं म्हणजे, कोण गातंय, पेटीवर कोण आहे, साल कोणतं, हे वहीत लिहून ठेवा. नावं सांगू शकणारी माणसं अजून आहेत, त्यांना या रविवारीच फोन करा.

आज इथेच थांबतो. जय हिंद.